उद्याची साफ हवा

प्रति,
मा. उड्डाण अधिकारी,
रुग्णवाहक हेलिकॉप्टर विभाग,
सागरतीर रुग्णसेवा न्यास, अंधेरी (पश्चिम).

विषय : हवामान वहीतील अर्जदाराचीच नोंद खोटी धरून हेलिकॉप्टर उद्याऐवजी आजच सोडण्याबाबत.
संदर्भ : आज दुपारी आपल्या टेबलासमोर झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

अर्जदार बळवंत तुळशीदास भानजी, राहणार वेसावे, हा आपल्या मैदानावर हवामान वही लिहितो. आठवडाभराची हवा सोमवारीच लिहून टाकायची, ही इथली जुनी वहिवाट. सगळेच दिवस 'साफ' लिहिले तर वही खोटी दिसते, म्हणून एखादा 'खराब' लिहायचा. या खेपेस अर्जदाराने शनिवार 'खराब' लिहिला, कारण त्याला लवकर घरी जायचे होते. आता खोटे कशाला बोला!

आज शनिवार. लख्ख ऊन आहे. आणि आजच निरोप आला की अर्जदाराची मुलगी राधा मुरूडला सासरी बाळंतपणात अडली आहे, तिला ताबडतोब मुंबईस हलवा. आपण वही उघडलीत आणि म्हणालात, "आज खराब आहे, भानजी. उद्या सातला पाठवू. उद्या साफ आहे."

साहेब, उद्या साफ नाही. निरोप घेऊन आलेली अर्जदाराची पत्नी मथुरा सांगते, बांबूच्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील ओलेच काढले. भर उन्हात कोळीण उगाच ओले बोंबील काढत नाही. सगळ्या गल्लीने काढले, होड्याही अर्ध्यातून परतल्या. गेल्या साली वलांड्या अशाच रिकाम्या झाल्या होत्या आणि वहीत 'साफ' होते. आरेच्या टेकड्या ढगात गडप झाल्या, पायलट नंदकिशोर तबेल्यांचे पत्रे शोधत कसेबसे उतरले. आतला रुग्ण तोवर गेला होता. तेव्हाही सही अर्जदाराचीच होती.

नोंद बदलण्यास लेखी अर्ज लागतो व तो सोमवारी पाहिला जातो, असे आपण सांगितलेत. सोमवारी काय पाहणार, साहेब? हात जोडतो, चारच्या आत मशीन सोडा. मग अर्जदाराला खुशाल कामावरून काढा.

मथुरा फाटकाशी बसून आहे. आजचा 'खराब' कोणी लिहिला, हे तिला अजून ठाऊक नाही.

उत्तराची मैदानातच वाट पाहणारा,
आपला नम्र,
बळवंत तु. भानजी
दि. ८ नोव्हेंबर १९८६, दुपारी २.१०

सोबत : १) हवामान वहीचे चालू पान. उद्याची सही झालेली आहे.
२) ओले बोंबील, दोन.