अमोइनच्या घराबाबत

मी, नोआगा पोर्गो, वडिलांचे नाव तिबो, धंदा विणकाम, राहणार वाहिगुया, बाजारामागची विणकर आळी, आज पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. डोळ्यांना कमी दिसते, परंतु कोण माणूस कसा आहे हे पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते. यापूर्वी ओट्यावर बसून मी ज्याला जे काही कबूल केले असेल ते रद्द समजावे. ते गप्पांच्या भरात झाले.

प्रथम माझ्या जन्माविषयी, कारण पुढचा निकाल त्यावरच आहे. जन्मलो तो अप्पर व्होल्टात. रांगायला लागेपर्यंत फ्रेंचांनी ती वसाहतच मोडली आणि तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटून टाकले. आमचे वाहिगुया फ्रेंच सुदानात, म्हणजे आजच्या मालीत, गेले. आईचे माहेर काया गावाच्या वाटेवर, ते गेले आयव्हरी कोस्टात. म्हणजे बाप सुदानचा, आई आयव्हरी कोस्टची, आणि दोघांच्या गावांमध्ये एका सकाळची पायवाट. मला मिसरूड फुटेपर्यंत हे असेच चालले. मग फ्रेंचांनीच व्होल्टा पुन्हा जोडली. पुढे तिचे प्रजासत्ताक झाले, मग ती स्वतंत्र झाली, आणि माझे केस पिकू लागले तेव्हा तिचे नाव बुर्किना फासो झाले. एवढ्या सगळ्यात माझा माग कडुलिंबाखालून हललेला नाही.

सीमा होती त्या वर्षांत आई मला पाठीला बांधून माहेरी निघाली की शिपाई अडवायचा. एकदा त्याने विचारले, "कुठली गं तू?" आई म्हणाली, "नवऱ्याकडं सुदानची, भावाकडं आयव्हरी कोस्टची. इथं मधे वाटेत कुठलीच नाही, तेव्हा सोड मला, पोरगं भुकेलंय." त्याने सोडले. ही हकिकत तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती स्वतःलाच आठवते असे वाटते. पण सांगायचे ते वेगळे. आमच्या अंगणात तिला कोणी कधी परकी म्हटले नाही. माझी आजी तर पाणवठ्यावर मिरवायची, "आमची सून परदेशची आहे." त्या सासूचे माझ्यावर उपकार आहेत.

आता वाटणी. शेत मला देता येत नाही. जमीन सरकारची, असे सांगतात. सरकारे येतील तशी त्यांनी आपसात ती वाटून घ्यावी.

माग आळीत ज्याला हवा त्याने न्यावा. पायाने दाबायची उजवी फळी सैल आहे, तिला शिव्या न देता बांधावे. माझे कफन मी स्वतः विणले आहे, लोखंडी पेटीत आहे. बाजारातून दुसरे आणून माझी लाज काढू नये.

सायकल माझा पुतण्या सेनी याला. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा रोज मोटरसायकलवर मागे बसवून याने मला दवाखान्यात नेले, आणि खड्डा आला की आधी ओरडून सांगायचा. तो वाईट नाही. जीभ तेवढी आधी चालते.

गाढव माझा मित्र लासिना झेर्बो, राहणार तुगान, याला. दोघांचे पटेल.

घर. मातीच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, मागचे स्वयंपाकघर आणि कडुलिंब, हे सर्व मी माझी सून अमोइन हिला देतो. माझा मुलगा मादी आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या मळ्यात कामाला गेला, तिथे तिच्याशी लग्न केले आणि तिथेच वारला. तिकडे लढाई पेटली तेव्हा ही लेकीला घेऊन, तिने कधी न पाहिलेल्या सासऱ्याचे घर विचारत विचारत आली. पहिल्या वर्षी तिने केलेला बाजरीचा घाटा भिंतीला पोतेरे म्हणून चालला असता. मी मुकाट्याने खाल्ला. आता आळीतल्या बायका तिच्याकडून शिकून जातात. मादीने मला हिच्या रूपाने जे पाठवले ते त्याला जिवंतपणी पाठवता आले नसते.

मागच्या वर्षी एका बारशात, सगळ्या नातेवाइकांसमोर, सेनी म्हणाला, "काका, घर तुमच्यामागं पोर्गोंचंच राहणार. ती काय, परक्या मुलखातली. जाईल आपल्या देशात." अमोइन तिथेच सगळ्यांना वाढत होती. हातातले भांडे तिने खाली ठेवले नाही. रात्री मला म्हणाली, "बाबा, मी पेरणीआधी जाऊ की पेरणी करून देऊन जाऊ?"

सेनी, तुझी आजी आयव्हरी कोस्टची होती. अमोइनही तिथलीच. एकीला घरात घेतले म्हणून तू आहेस, आणि दुसरीला बाहेर काढायला निघालास.

मला ठाऊक आहे, मेलेल्याच्या कागदाशी जिवंत माणूस वाद घालतो. म्हणून हे काम मी कागदावर सोडत नाही. आम्ही मोसी जमातीचे आणि लासिनासारखे तुगानकडचे सामो जमातीचे, थट्टेचे भाऊ. मोसी सामोला आपला गुलाम म्हणणार, सामो मोसीला. रागावेल त्याचीच छी-थू. आणि मोसीच्या मयताच्या दिवशी तर सामो कबरीच्या खड्ड्यात आडवा पडतो, आणि त्याने मागितले ते दिल्याशिवाय उठत नाही. हे मी लासिनाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "गुलामा, एवढंच ना? मी पडतो तुझ्या जागेवर. बघू तुला कुठं पुरतात ते." सेनी, तो काही खायला-प्यायला मागणार नाही. सगळ्या वाहिगुयासमोर तुझ्या तोंडून एक वाक्य मागेल: हे घर अमोइनचं आहे. तू हसशील, लोक हसतील, आणि हसता हसता तू ते म्हणशील. मग ते फिरवता येत नाही. इमामसाहेबांनी तेवढा वेळ थांबावे. ते मोसी आहेत, त्यांना सांगायला नको.

अमोइनला हे आधी कळू देऊ नये. तिने पेरणी करावी.

ज्यांनी मला आपले म्हटले त्या सगळ्यांचे आभार मानून खाली सही करतो.

वाहिगुया, १४ मे २०११
(सही) नोआगा पोर्गो

साक्षीदार: हमिदू देरा, इमाम. थांबेन.

साक्षीदार: लासिना झेर्बो, या गुलामाचा मालक. वरील मजकूर वाचला. गाढव स्वीकारले. मी खड्ड्यात उतरेन आणि सेनीने शब्द दिल्याशिवाय उठणार नाही. त्याने शब्द दिल्यावरही मला लगेच उठता येईल असे वाटत नाही. त्या वेळी कोणीतरी मला हात द्यावा.