ढब्बूचं पथ्य

प्रिय बबडे,

काल फोनवर तू ढब्बूची चौकशी केलीस आणि मी 'मजेत आहे' म्हणून मोकळी झाले. आता आहेच मजेत, पण मधे ससेबुवांनी माझ्या जिवाचं पाणी पाणी केलं. लघवी खडू कालवल्यासारखी पांढरी, घट्ट. कोपऱ्यात बसून नुसता कुंथायचा. दुकानातलं काजं-बटणांचं काम तसंच टाकून त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, ससा खाण्यातलं कॅल्शियम हवं-नको न बघता शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. ते फार झालं की मूत्राशयात गाळ साचतो. पिल्लू होता तेव्हा तू घालायचीस ती कॅल्शियमने भरलेली लसूणघास त्याच्या वाढीला हवीच होती, आता मोठेपणी ती बंद. गोळीखाद्य चमचाभरच. बाकी दिवसभर साधं वाळलेलं गवत, थोडी ओली पानं, आणि बाटलीऐवजी पसरट वाडग्यात पाणी, म्हणजे भरपूर पितो. कॅल्शियम अगदी तोडायचंही नाही, दात सारखे वाढत असतात ना त्याचे.

मग औषधाची पिचकारी दाखवून म्हणाले, "एकाने धरायचं, दुसऱ्याने पाजायचं. घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "आम्ही दोघं." त्यांचं समाधान झालं. मी ढब्बूला धरून मोजलं होतं, हे त्यांना कुठलं कळायला! घरी येऊन त्याला टॉवेलात गुंडाळलं, मांडीत दाबलं आणि एकटीनेच पाजलं. पहिल्यांदा निम्मं औषध माझ्याच अंगावर.

आता लघवी स्वच्छ होते. वजन उतरायला त्याला पळवायचंही असतं. संध्याकाळी मी खोलीभर त्याच्यामागे धावते. खालच्या काकू विचारतात, "पाहुणे आलेत का गं?" मी हो म्हणते.

हे सगळं कालच सांगणार होते. पण तू म्हणालीस, "आई, पुढच्या महिन्यात येते आणि ढब्बूला घेऊन जाते, तुझी दगदग वाचेल," आणि माझ्या तोंडून 'बरं' निघून गेलं. तुझा आवाज ऐकला की मला नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय. ससा तुझा आहे, मान्य. पण बाबा गेल्यापासून सकाळी माझी चाहूल लागून उठून बसणारं या घरात तेवढं एकच आहे. त्याला नेऊ नकोस गं. तू मात्र ये. काही न्यायला नको, नुसती ये.

तुझीच,
आई