जाड्या, वेणीवाली आणि तापलेला डबा

५ जून, गुरुवार

मला कोणी विचारलंसुद्धा नाही. गेमचं जुनं मशीन बंद पडलं तर ते दुरुस्त करायचं की घराबाहेर काढायचं? नातीने ते पिशवीत कोंबलं आणि त्याच्या जागी एक काळा डबा आणून ठेवला. माझ्या शिवणाच्या डब्याएवढा. म्हणे कॉम्प्युटर.

नात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं तिला वाटतं. म्हणाली, आजी, ह्यात एकच चिप आहे, तीच हिशेब करते आणि तीच चित्रं काढते. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आणि एम्युलेटर टाकलाय, म्हणजे हा डबा तुझ्या जुन्या मशीनचं सोंग घेतो, तुझे सगळे गेम त्यावर चालतील. मी म्हटलं, एकाच बाईने चूल बघायची आणि दुकानही बघायचं, म्हणजे काहीतरी करपणार. ती म्हणाली, करपत नाही गं. बघू.

खुब्याचं हाड मोडल्यापासून मी ह्या खोलीत आहे. चौथा मजला. लिफ्ट बंद. दुरुस्तीवाला येतो, बघतो, मान हलवतो, जातो. लोक म्हणतात मी अडकले. मी अडकलेली नाही. मी अजून निघालेली नाही, एवढंच.

सोमवारपासून वॉकर घेऊन जिन्यापर्यंत जायचं. ठरलं.

६ जून, दुपार

वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, तळमजल्यावर राहतात. हे गेले, वन्सं राहिल्या. रोज चार वाजता धापा टाकत चार मजले चढतात आणि माझ्याशी मारामारीचा गेम खेळतात. मला त्यांची काही गरज नाही. त्यांनाच दुसरं कोणी नाही.

जुने, साधे गेम डब्यावर सुरेख पळाले. मारामारीचा जड निघाला. नात म्हणाली, सेकंदाला साठ चित्रं हवीत, ही चिप पन्नासच्या आसपास देतेय. मला काही फरक कळला नाही. मी नेहमीप्रमाणे जाड्या घेतला, वन्संनी वेणीवाली घेतली. वेणीवालीने उडी मारून जाड्याच्या तोंडावर लाथ घातली. परत घातली. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुमचा जाड्या सोफ्यावरून उठायचा विचार करतोय वाटतं.

हरले ते चिपमुळे. दहा चित्रं कमी होती, ती सगळी माझीच असणार.

८ जून

समोर इमारत पाडतायत, सगळी धूळ खोलीत येते. डब्याला लोकरीचं कव्हर विणलं. निळं, खाली झालर. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, मग ह्यानेच काय पाप केलंय?

९ जून, सोमवार

जिंकले! जाड्याने वेणीवालीला हवेत असताना पकडलं आणि आपटलं. लाथ येताना मला चांगली दिसत होती, अगदी सावकाश, रांगेत उभं राहून तिकीट काढून आल्यासारखी. वन्सं म्हणाल्या, आज पाण्यात पोहल्यासारखं का वाटतंय? मी म्हटलं, हरणाऱ्याला तसं वाटतं.

जिन्यापर्यंत जायचं राहिलं. जिंकलेल्या माणसाने थोडी विश्रांती घ्यावी. उद्या.

१३ जून

सोमवारपासून मीच जिंकतेय. ह्या वयात हात बसला म्हणायचा.

सकाळी कसरतवाली आली. दवाखान्यातून पाठवतात तिला, पाय उचला, पाय ठेवा म्हणायला. आज दमच दिला. म्हणाली, आजी, हाड कधीच जुळलंय, आता तुम्ही जुळवून घ्या. महिन्याभरात जिना उतरला नाहीत तर मांड्यांतली ताकद जाईल, मग हीच खोली आणि हीच खिडकी. मी म्हटलं, मी रोज तासभर बोटांचा व्यायाम करते. ती म्हणाली, बोटांवर चालणार आहात का?

तोंड फार वाजतं तिचं. सोमवारपासून दाखवतेच.

१७ जून

वन्सं काल आल्या नाहीत. आजही नाहीत. सुनेला खाली पाठवलं, ती येऊन म्हणाली, आत्यांचे गुडघे दुखतायत, आणि म्हणाल्या की एवढं चढून जायचं आणि चिखलात कुस्ती खेळायची, मजा येत नाही.

बरं झालं. घरात शांतता आहे. दुपारी झोप काढली. चार वाजता दाराकडे पाहिलं ते कडी नीट लागलीय का बघायला. पावणेपाचलाही पाहिलं. कडी सैल आहे.

जिना आज नाही. मन नाही.

१९ जून

नातीने डबा तपासला. कव्हर उचललं आणि हात झटकला. म्हणाली, आजी, ह्यावर दूध तापेल! अगं, श्वास घ्यायची भोकंच बंद केलीस. एकच चिप, दोन्ही कामं तिचीच, त्यात पंखा एवढासा. फार तापली की जळू नये म्हणून ती स्वतःच हळू चालते. दहा-अकरा दिवस निम्म्या वेगाने चालतेय ती!

मी म्हटलं, धूळ होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. हे असं पाहणं तिच्या आईकडून आलंय.

मग तिने डबा उघडून मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. म्हणाली, वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, ह्या चिपला कॉम्प्युटरच्याच मेमरीतून चित्रं काढावी लागतात. एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता, दोन टाकल्या की रुंद होतो. कव्हर काढून कपाटावर ठेवलं. गेम लावला. साठच्या साठ. जाड्याला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

वन्संना फोन गेला. वन्संचे गुडघे लगेच बरे झाले.

किती वेळा हरले ते लिहीत नाही. वेणीवाली दिसतच नव्हती, नुसती वेणी दिसायची. माझ्या मते नातीने मशीन बिघडवलं. खऱ्या मारामारीत कोणी एवढ्या घाईने मारत नाही.

२१ जून

कव्हर परत घातलं. फक्त धुळीसाठी. नात कामावर असताना, सून आंघोळीला गेल्यावर.

जिंकले. दुसऱ्या डावात वन्सं उठल्या, डब्यापाशी गेल्या, दोन बोटांनी झालर उचलली.

म्हणाल्या, वहिनी. इतकं?

मग कव्हर काढलं, त्याची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, हरायचं मला काही नाही हो. पण तुम्ही बसून, डबा बसून, आणि मी चार मजले चढून तुमच्यासोबत बसायला येते. ह्या खोलीत माझा जीव गुदमरतो. आता डबा माझ्याकडे राहील. खेळायचं तर खाली या.

मी म्हटलं, डबा माझा आहे. वन्सं म्हणाल्या, मग घ्यायला या.

नात म्हणाली, आत्याआजी बरोबर बोलतेय. सून म्हणाली, मीही तेच म्हणत होते. ती कधी म्हणत होती? सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. संध्याकाळी नातीने डबा उचलला, सुनेने वायरी उचलल्या. टीव्ही वन्संकडे आहेच.

२२ जून

ठीक आहे. येत्या रविवारी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसते, तोंडात बोटं घालतील. योजना: रोज एक मजला. पहिल्या दिवशी एक उतरायचा, दुसऱ्या दिवशी दोन. परत चढायचं कसं ते अजून ठरवलेलं नाही, पण ती पुढची गोष्ट.

नवीन चपला मागवल्या. जुन्यांचे तळवे गुळगुळीत झालेत. चपलांशिवाय सुरुवात करण्यात अर्थ नाही.

२६ जून

चपला आल्या. घरात घालून बसले. छान आहेत. सवय व्हायला हवी.

२९ जून, रविवार

साडेतीन वाजता केस विंचरून दाराशी गेले. सुनेने एकीकडून धरलं होतं. मी म्हटलं, सोड, मी काय काचेची आहे? सोडलं तिने. वॉकर बाहेर ठेवला, कठडा धरला, डावा पाय पुढे केला.

पायरी फार खाली बांधलीय. पूर्वी एवढी खाली नव्हती.

पाय तसाच वर राहिला. मग मागे घेतला. सुनेला सांगितलं, तू हो पुढे, मी पाणी पिऊन येते. तिला आनंद झाला, खरंच वाटलं तिला. धावत गेली.

आता मी पलंगावर आहे. चपला पायात आहेत. चपलांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, मागून चावतात.

दार उघडं ठेवलंय. जिन्यातून आवाज वर येतोय. जाड्या ओरडतोय, मारतोय, अगदी भराभर. माझा जाड्या नात खेळतेय, आणि चांगली खेळतेय. वन्सं ओरडतायत, अगं थांब, दम घेऊ दे! सून हसतेय. एवढं हसते ती, मला माहीत नव्हतं.

आता आवाज थांबला.

हॉलमधला फोन वाजतोय. वन्संच असणार, कुठवर आलात म्हणून विचारायला. घरात माझ्याशिवाय कोणी नाही. पण ह्या घरात फोन सुनेनेच घ्यायचा, ही पहिल्यापासूनची पद्धत आहे. तिने वर यावं आणि घ्यावा. आणि विचारलं तर तिनेच सांगावं, येतायत म्हणून.