केल्टिक, सेल्टिक आणि रोह्याचा अमोल

२ जून, रविवार

आजपासून रोज एक अख्खा अल्बम. हेडफोन लावून, डोळे मिटून, मध्ये चहा नाही. केल्टिक संगीत असंच ऐकायचं असतं. (उच्चार केल्टिक. सेल्टिक म्हणणारा माणूस कच्चा.) आयर्लंड-स्कॉटलंडचं हे जुनं-नवं संगीत ऐकणारा पेण तालुक्यात मी एकटा. डोलवीला आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये चाचपून पाहिलं. बॅगपाईप म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या अक्षयने किती इंची ते विचारलं.

संध्याकाळी माझा आवडता स्कॉटिश हायलँडचा विलाप लावला. नुसती बासरी आणि मागे बॅगपाईपची घरघर. दोनशे वर्षांपूर्वी कुणा धनगराने डोंगरावर रचलेला असणार. ऐकल्यावर कळतंच. डोळे मिटले ते सुरभीने जेवायला हाक मारली तेव्हा उघडले. समाधी लागते अगदी.

५ जून

रोह्याहून अमोलचा फोन. कॉलेजपासूनचा मित्र. मोठे स्पीकर घेतलेत, दर रविवारी घरी आयरिश रेकॉर्डिंगं लावतो, पडवी भरते म्हणाला. ये की जित्या, वहिनींना घेऊन.

गेल्या दिवाळीत इयरफोनचा एक कान मीच याला दिला होता. चूक झाली. एकच कान दिला होता हे त्यातल्या त्यात बरं.

सुरभीने विचारलं, कधी जायचं? मी म्हटलं, घोळक्यात ऐकणं मला पटत नाही. तिने रविवारी कुठली साडी नेसू ते विचारलं.

९ जून, रविवार

रोह्याला जाऊन आलो. फक्त निरीक्षण करायला.

अमोल अजूनही सेल्टिक म्हणतो. बरं वाटलं. स्पीकर माझ्या अंदाजापेक्षा मोठे. तेवढं बरं नाही वाटलं. एका आयरिश बेटावरच्या म्हाताऱ्या बाईचं जुनं रेकॉर्डिंग लावलं त्याने. एकही वाद्य नाही, नुसता आवाज. अमोलची आई ठमाबाई वाल सोलत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, ही तं आपली धवलारीन हाय. मग लग्नात नवरीच्या दारात गातात तो धवला त्यांनी तिथेच म्हटला. पडवीत कुणी हललं नाही. सुरभीच्या डोळ्यांत पाणी.

ही तुलना शास्त्रीय नाही. आयर्लंड कुठे, कुंडलिका नदी कुठे. शिवाय माझ्या बॅगपाईपला सुरभी तीन वर्षांत एकदाही रडली नाही. एकदा रडली होती, पण तेव्हा कांदा चिरत होती.

येताना नागोठण्यापर्यंत ती तो धवला गुणगुणत होती. स्कूटर जरा जोरात चालवली.

१० जून

अमोलचा विचार करायचा नाही. ठरलं.

११ जून

अमोल स्पीकरची वायर कुठली वापरतो?

२० जून

हमरापूरला सासऱ्यांच्या कारखान्यात गेलो. सीझन जोरात, सगळीकडे अर्धे रंगवलेले गणपती. आत शिरलो तर जिग चालू. आयरिश नाचाची धून. मूर्तीमागे ब्लूटूथचा छोटा डबा. सासरे पुंडलिकराव म्हणाले, जावयबापू, या गान्यावर हात भरभर चालतो. अमोलरावांनी दिलीत. लई सज्जन मानूस.

अमोल यांना भेटला कुठे? सुरभीने नंबर दिला म्हणे. अहो, बाबांना आवडेल असं वाटलं, म्हणाली.

मी सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी हार्प, ते आयरिश तंतुवाद्य, ऐकवली होती. तेव्हा ते म्हणाले होते, मोबाईल बिघडलाय काय.

२१ जून

पेणमध्ये माझा स्वतःचा कार्यक्रम. आमच्या रामवाडीच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये. पडवीत वाल सोलत ऐकायचं नाही, रीतसर व्याख्यान, पडद्यावर चित्रं, मग रेकॉर्डिंग. शेवट हायलँडच्या विलापाने. तो अमोलकडे नाही. मी मुद्दाम कधी पाठवला नाही.

तारीख चौदा जुलै. अमोललाही बोलावलं. त्याने यावं. समोर बसावं.

२ जुलै

अल्बमचा नेम मोडला आहे, पण तो व्याख्यानाच्या तयारीमुळे. केल्ट लोक मूळचे कुठले इथपर्यंत आलो. संगीत अजून लांब आहे.

आरशासमोर तिकडच्या गेलिक भाषेचे उच्चार केले. सुरभीने घशासाठी हळदीचं दूध आणून ठेवलं.

१४ जुलै, रविवार, सकाळी

वीस खुर्च्या कमी पडतील असं वाटतं. खालच्या मजल्यावरच्या केरूकाकांना सांगून आणखी आणवल्या. पोह्याचे पापड तळायला सांगितलेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

खुर्च्या कमी पडल्या नाहीत.

सुरभी, सासरे, केरूकाका, अक्षय, बिल्डिंगमधल्या दोन-तीन बायका. अमोल आईला घेऊन वेळेच्या आधी आला आणि खुर्च्या मांडायला लागला. माझ्याच हॉलमध्ये, न सांगता.

मी लोहयुगापासून सुरुवात केली. रंगलं होतं. पण रोमन लोक ब्रिटनमध्ये उतरतात न उतरतात तोच ठमाबाईंनी विचारलं, गानं कवा लावशील र बाला? लोक हसले. मग बरंच गाळून थेट विलापावर आलो. सांगितलं की दोनशे वर्षांची ही धून, कर्ता अज्ञात, आणि रायगड जिल्ह्यात ही फक्त माझ्याकडे आहे. अमोलकडे बघून सांगितलं.

शांतता छान होती. अमोल डोळे मिटून बसला होता. सासरेसुद्धा. चार-पाच मिनिटं झाली. धून संपली आणि एका पुरुषाचा आवाज आला. हिंदीत. नमस्कार दोस्तों, म्हणाला. ही धून त्याने इंदूरमध्ये आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षी बनवली होती. बँकेतून रिटायर झाल्यावर हा छंद लागला. आवडली तर लाइक करा.

मी म्हटलं, हे नंतर कुणीतरी जोडलेलं दिसतंय.

सुरभी म्हणाली, अहो, तुम्ही कधी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. रोज मधेच घोरायला लागता. हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. केरूकाका म्हणाले, घोरणं खाली येतं.

अमोल तेवढा हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. तो उठून म्हणाला, मग हे आजचं केल्टिक झालं, जित्या. जुन्याला धरून नवीन केलंय माणसाने. काय सुंदर केलंय. परत लाव.

केल्टिक म्हणाला. बरोबर म्हणाला. कुठून शिकला?

परत लावावं लागलं. ठमाबाई म्हणाल्या, इंदूरच्या बाबाचा हात गोर हाय. गोर म्हणजे गोड. सगळे पापड संपेपर्यंत बसले, जाताना सगळ्यांनी अमोलचा नंबर घेतला.

१५ जुलै

कार्यक्रम एकंदरीत यशस्वी. थोडा काळाच्या पुढे होता. पेणला अजून समज यायची आहे.

२८ जुलै

अमोलने इंदूरवाल्यांना शोधून फोन केला. ते रोह्याला येणार आहेत, स्वतः बासरी वाजवणार. अकरा ऑगस्ट. हॉल घेतलाय. माझा शोध, आणि वाजणार रोह्यात.

अमोलने तीनदा फोन केला. मी उचलला नाही. मी जाणार नाही. सुरभीला तसं स्पष्ट सांगितलं. बरं, म्हणाली, मग मी बाबांबरोबर जाईन.

सासरे येणार! ऐन सीझनमध्ये, कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून. मागच्या वर्षी याच दिवसांत माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांनी सीझन म्हणून फोनवर चौकशी केली होती.

११ ऑगस्ट, रविवार

गेलो. सुरभीला रस्ता नीट माहीत नाही म्हणून.

मोठा हॉल, भरलेला. इंदूरवाले बुटके, चष्मा, साधे गृहस्थ. वाजवलं मात्र असं की मी काही क्षण अमोलला विसरलो. आधी आयरिश जुन्या धुना, मग स्वतःच्या. ठमाबाईंनी धवला धरला आणि ते मागून बासरीवर आले. मी जागा होतो, पूर्ण जागा.

मग अमोलने माईक घेतला. त्याचा तो नम्र चेहरा. पुढे काय ते मला ठाऊक होतं, मी कसं शोधलं, मी कसं जमवलं. ते ऐकायला कोण थांबणार. बाहेर जाऊन बटाटेवडा खाल्ला. आत टाळ्या वाजत होत्या, बराच वेळ. दुसरा वडा घेतला.

परत येताना वडखळ आल्यावर सुरभी म्हणाली, तुम्ही कुठे होता? अमोलभावजी तुमच्याबद्दल बोलले. हे संगीत मला जितेशने ऐकवलं, आजचे पाहुणेही त्याचाच शोध, त्याने उभं राहावं, असं म्हणाले. अख्खा हॉल मागे वळून तुम्हाला शोधत होता. बाबा तर उठून उभे राहिले.

स्कूटर जरा हळू केली. मग विचारलं, कुणी रेकॉर्डिंग केलं का?

नाय हो, म्हणाली. सगळे टाळ्या वाजवत होते.