पप्पांचा बेंजो मोबाईलमध्ये

पप्पा,

तुम्हाला झोप लागली होती म्हणून न उठवताच ड्युटीवर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे. गोळी घेतल्याशिवाय खाली नाक्यावर जायचं नाही.

कॉम्प्युटर आज खुशाल भंगारवाल्याला द्या. केबल लावून त्यातली तुमच्या बेंजोची सगळी रेकॉर्डिंग मी तुमच्या मोबाईलमध्ये घेतली आहेत. तुम्ही पण कमाल आहात! एकाही फाईलला गाण्याचं नाव नाही, 'साळवींची वरात', 'परबांची हळद' असलीच नावं. बदलायला बसले होते, पण ऐकत गेले आणि राहून गेलं. परबांकडे लाईट जाते, कॅसिओ बंद पडतो, आणि तुम्ही नुसत्या टाळ्यांवर वाजवत राहता. मागून कोणीतरी ओरडतं, "दत्ता, थांबू नको रे!" अंगावर काटा आला.

मोबाईलने मात्र डोकं फिरवलं. प्रत्येक गाण्याखाली 'अज्ञात कलाकार'! अख्ख्या लालबागला ठाऊक असलेल्या माणसाला अज्ञात म्हणणारा हा कोण? एकेक फाईल उघडून सगळीकडे 'दत्ताराम घाडी' टाईप केलंय.

डाव्या हाताने तो व्यायामाचा स्पंजचा बॉल दाबायचा तुम्हाला कंटाळा येतो ना? मग बॉल राहू दे. बेंजो माळ्यावरून काढून, पुसून टेबलावर ठेवलाय. त्याची बटणं दाबा. बोटं अडखळली तरी चालेल.

संध्याकाळी मी रेकॉर्ड करणार आहे. सगळ्यांच्या दारात वाजवलंत, पण 'आपलं घर' नावाची फाईल कुठेच सापडली नाही.

रश्मी