बांगड्यांचं ताट

श्री. अंगदराव पाव्हणे यांना नेकनूरहून बंकटचा रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे (शेजारी वेगळं सांगतील, ऐकू नका). पत्र बघून हसाल, पण तुमच्या बहिणीनं माझा फोन घेणं बंद केलंय आणि तुम्ही पडला तिचेच भाऊ.

सत्यशीला पोराला घेऊन चौसाळ्याला तुमच्याकडे आली, तेव्हा तिनं तिची बाजू सांगितलीच असेल. आता माझी ऐका. आपल्या घरातल्या पुरुषानं फौजेत जायचंच, असा कायदा मी एकट्यानं पास केला होता (विरोधी पक्ष चुलीपाशी होता). अभिमन्यूला दोन वर्षं पहाटे उठवून पळवलं. पायाला फोड आले तर म्हणालो, मर्दाला दुखत नसतं. आणि या पठ्ठ्यानं मला न विचारता बीडला नर्सिंगला नाव घातलं! माझं डोकं फिरलं. भर पारावर, चार माणसांत, त्याच्यापुढं डझनभर हिरव्या बांगड्यांचं ताट ठेवलं. पोरानं ताट उचलून घरी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाचा मोर्चा दारात. पुढं कोण, तर सत्यशीला! मागच्या दारानं गेली आणि पुढच्या दाराची कडी वाजवायला लागली. म्हणाली, "या बांगड्यांच्या हातानं तुमचं घर चालतंय. त्यात लाजायसारखं काय हाय, ते आमाला सांगा." मी म्हटलं, आत या, चहा घ्या. पण चहा करणारीच मोर्चात! सगळ्या हसल्या. ती हसली नाही. संध्याकाळच्या गाडीनं मायलेकरं निघून गेली.

आता घरात मीच सेनापती आणि मीच फौज. भाकरी थापतो, ती तव्यावर जायच्या आधीच शहीद होते. बोलायला कुणी नाही. लई एकटं वाटतं, अंगदराव.

थोरामोठ्यांना नमस्कार सांगा.
तुमचा बंकट

ता.क. तरुणपणी फौजेच्या भरतीत माझी छाती दोन सेंटिमीटर कमी भरली होती. पायात दोष निघाला असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. त्या दिवशी आमच्या वडलांनी माझ्यापुढं असंच ताट ठेवलं होतं. हे अभिमन्यूला तुम्ही सांगा. मी सांगायला गेलो की आवाज चढतो.

ता.क. २ काल त्या ताटातली एक बांगडी हातात घालून बघितली, ती अडकलीय. फोडावी तर अपशकुन, आणि तोही नेमका माझ्याच नावाचा. साबणानं निघते की सत्यशीलालाच यावं लागेल, एवढं तिला विचारून कळवा. सकाळी भाकरी थापताना ती परातीला लागून वाजली, तेव्हा मी दोनदा मागं वळून पाहिलं.