टेबलावरची खुर्ची

दादा, तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढं आता मी, तुमचा मुलगा, आलोय. आज दुपारी टीव्हीवर टेनिस लागलं होतं. तुमची सून गेल्यापासून घरात मी एकटाच. चेंडू जाळीवरून इकडं येतो, तिकडं जातो, अन् उंच खुर्चीवरचा माणूस गुण पुकारतो, तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू येतो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तुमची नांदेडहून इथल्या कचेरीत बदली झाली. आपल्या घरासमोर साहेब लोकांनी मुरमाचं टेनिसचं मैदान करून घेतलं. रॅकेट तुम्ही जन्मात हातात धरली नाही, पण रोज संध्याकाळी तारेबाहेर उभे राहून बघायचात. आवाज खणखणीत, म्हणून एकदा त्यांनी टेबलावर खुर्ची मांडून तुम्हाला वर बसवलं. मी नुकताच मास्तर झालेलो. शाळा सुटली की येऊन टेबलाचा डुगडुगता पाय धरायचो. ‘थर्टी, फिफ्टीन’ तुम्ही अशा चालीत म्हणायचात, जशी वर्गात कवितेची ओळ म्हणावी; मधे नेमका तेवढाच श्वास. त्या खुर्चीत तुम्ही कारकून वाटायचा नाहीत.

त्या साली पाऊस नाही. गल्लीतल्या बाया घागरी मांडून टँकरची वाट बघतायत, अन् टँकर आधी मैदानात शिरतो, धूळ बसवायला. तुम्ही वरून बघताय.

“साहेब, बाया सकाळपासून ताटकळल्यात. आज खेळ राहू द्या.”

“अहो, पाच मिनिटांचं काम. बसा, पुकारा.”

तुम्ही पुकारलं नाही. माझ्या खांद्यावर हात टेकून सावकाश खाली उतरलात. खेळ झालाच, गुण दुसऱ्या कुणी मोजले.

“आता कशाला बोलावतेत तुम्हाला,” आई म्हणाली.

“न्हाई तर न्हाई. हितून ऐकू येतंय की.”

बोलावणं खरंच आलं नाही. भाकरीचा घास हातात धरून तुम्ही चेंडूचा आवाज ऐकायचात, अन् अंदाजानंच हळू म्हणायचात, ‘थर्टी ऑल.’ आई म्हणायची, जेवा आता पंचसाहेब, ताटातलं कोरड्यास निवलं. तुम्ही हसायचात, पण कान तिकडंच.

तुम्हाला लिहिलेला हा कागद माझ्या उशाखालीच राहील. पण एक सांगतो. सामना कुणी जिंकला, ते कित्येकदा मला ठाऊकच नसतं. खुर्चीवरचा माणूस उतरेपर्यंत मी बघत राहतो. आज तो उतरायला लागला, अन् माझा खांदा आपोआप पुढं झाला.